मोटारीच्या एंजिनांतील तेलपंप : त्याची निवड कशी करावी

नाशकास मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणीं एकमेकांस मिळतात, तें द्वारकेचें ठिकाण आपल्या बहुतेक वाचकांच्या नित्य परिचयाचें आहे. ह्या चौकावरून रात्रंदिवस मोटारी, टेंपो, बसगाड्या व मालमोटारी यांची रहदारी चालू असते. आणि जेथें गाड्या धांवतात तेथें त्यांची दुरुस्ती करणारीं गॅरेजें व सुटे भाग विकणारीं दुकानेंही उभीं राहतात, ह्या न्यायानें द्वारकेच्या आसपास तीं पुष्कळ आहेत. रस्त्यानें येतांजातांना एखादें एंजिन गाडींतून उतरवून, मोकळें करून ठेवलेलें आपण पाहिलें असेल. पिस्टन, रिंगा, क्रँकचा जड दांडा, हेड असे भाग धुऊन ओळीनें मांडलेले असतात. आणि त्यांतच तळहातावर मावेल असा एक लहानसा भाग कोपऱ्यांत पडलेला असतो. पाहणाऱ्याची नजर मोठ्या भागांवर खिळते. ह्या लहान भागाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तोच एंजिनाचा तेलपंप होय. गॅरेजांत त्यास ऑइल पंप म्हणतात.

एंजिन उतरवून पुन्हां बांधणें हा सामान्य कुटुंबास मोठाच खर्च असतो. ज्या घराचा चरितार्थ एखाद्या टॅक्सीवर अथवा भाजीपाला वाहणाऱ्या टेंपोवर चालतो, तेथें तर गाडी गॅरेजांत उभी राहिली म्हणजे घरची चूलही अडते. बोअर केला, क्रँक घांसून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, कर्जाऊ रक्कम खर्चून गाडी बाहेर काढली, आणि थोड्याच महिन्यांत नवीं बेअरिंगें पुन्हां गेलीं, असे प्रसंग घडतात. त्याचें कारण शोधूं गेलें असतां तें पुष्कळदां तेलाच्या वाटेवरच सांपडतें. यास्तव एंजिन बांधतांना तेलपंप जुनाच ठेवावा, नवा घ्यावा, कीं मूळच्याहून मोठा बसवावा, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी त्याच्या उत्तरावर सर्व खर्चाचें सार्थक अवलंबून असतें. त्याचें उत्तर कसें काढावें, हें सोप्या रीतीनें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम तेलाचें काम काय तें पाहूं. क्रँकचा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो, त्या दोहोंमध्यें एक बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. लहान मोटारींत ती बहुधा ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे साधारणपणें मनुष्याच्या केंसाच्या जाडीहूनही कमी असते. ह्या फटींत तेल भरलेलें असतें, आणि दांडा फिरूं लागला म्हणजे तो धातूवर घांसत नाहीं, तर तेलाच्या थरावर तरंगतो. ही गोष्ट प्रथम प्रयोगानें दिसून आली ती इंग्लंडांत, १८८३ सालीं. बीचम टॉवर नांवाचे एंजिनियर आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्याच्या सोयीसाठीं त्यांनीं बेअरिंगाच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. परंतु आंस फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं बाहेरच येऊं लागलें. त्यांनीं बूच ठोकून तें बंद केलें, तर बूचही बाहेर ढकललें गेलें. फिरत्या आंसानें स्वतःच तेलाचा थर दाबून त्यांत मोठा दाब निर्माण केला होता. पुढें १८८६ सालीं प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं ह्या चमत्काराचें गणित मांडलें, व आजही बेअरिंगांची आंखणी त्याच पायावर होते.

ह्या प्रयोगांतून आपल्या विषयास उपयोगी असें एक तत्त्व निघतें. क्रँकच्या दांड्यास उचलून धरण्याचें काम पंपाचा दाब करीत नाहीं. तें काम दांडा स्वतःच आपल्या फिरण्यानें करितो. पंपाचें काम इतकेंच कीं, बेअरिंगाच्या कडांवाटे जें तेल सतत गळून जातें, त्याची भरपाई थंड व स्वच्छ तेलानें अखंड करीत राहणें. अर्थात् पंपाकडून आपणांस मुख्यतः हवा असतो तो पुरवठा. दाब हें त्या पुरवठ्याचें केवळ लक्षण आहे.

तेलाचा प्रवास असा असतो. एंजिनाच्या तळाशीं जें चेंबर असतें, त्यांत तीनचार लिटर तेल सांठलेलें असतें. पंप तें एका जाळीवाटे ओढून घेतो व फिल्टरांतून पुढें ढकलतो. तेथून तें क्रँकच्या बेअरिंगांस, क्रँकमधील भोंकांवाटे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांस, आणि वर कॅमच्या दांड्यास जातें, व सर्वत्र गळून पुन्हां चेंबरांत येतें. एंजिन वेगानें फिरत असतांना तेंच तेल एका मिनिटांत कित्येक वेळां हा फेरा पुरा करितें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, फिल्टर हा पंपाच्या पुढें आहे, मागें नाहीं. पंपास जें तेल मिळतें तें केवळ जाळींतून आलेलें, न गाळलेलें असतें. ह्या गोष्टीचें महत्त्व पुढें कळेल.

आतां ज्या समजुतीमुळें पंपाची निवड चुकते, ती समजूत पाहूं. "पंप दाब निर्माण करितो, दाब कमी दिसला तर पंप खराब, आणि पंप मोठा घातला तर दाब वाढून एंजिन अधिक टिकेल," असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पंप दाब निर्माण करीत नाहीं. तो तेल ढकलतो, आणि त्या तेलास पुढील मार्गांत जो अडथळा होतो त्यामुळें दाब उत्पन्न होतो. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस हें तत्काळ पटेल. विहिरीवरील पंप तोच असतो. परंतु नळी एखाद्या ठिकाणीं चिरली अथवा तिचीं भोंकें मोठीं झालीं, कीं दाबमापकाचा कांटा खालीं येतो व ओळीच्या शेवटच्या वेलीस पाणी पोंचत नाहीं. अशा वेळीं शहाणा बागाईतदार मोठा पंप आणावयास धांवत नाहीं. तो आधीं नळी तपासतो. कारण मोठा पंप बसविला तरी जादा पाणी प्रथम चिरेंतूनच वाहून जाणार. एंजिनाचेंही असेंच आहे. बेअरिंगांच्या फटी झिजून वाढल्या म्हणजे तेल जवळच्या बेअरिंगांवाटेच गळून जातें, दाब उतरतो, आणि दूरच्या बेअरिंगास व वरच्या कॅमच्या दांड्यास तेल अपुरें पडूं लागतें.

ही गळती किती झपाट्यानें वाढते, हें गणितानें पाहण्यासारखें आहे. तेलाचा दाब व दाटपणा तोच धरला, तर बारीक फटींतून वाहून जाणारें तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे ०.०४ मिलिमीटरची फट झिजून ०.०८ झाली, तर फट दुप्पट झाली, पण गळती दोनाच्या घनाइतकी, म्हणजे आठपट झाली! ०.०५ ची फट ०.०६ झाली, म्हणजे डोळ्यांस कांहींच फरक दिसला नाहीं, तरी गळती पाऊणेदोन पटींच्या जवळ जाते. भूमितीच्या तासास शिकलेला घन असा मोटारींतही भेटतो. ह्यावरून असें निघतें कीं, ज्या एंजिनाचा क्रँक योग्य मापास घांसून त्याच्या मापाचीं बेअरिंगें बसविलीं आहेत, त्यास मूळचाच पंप पुरतो; आणि ज्या एंजिनाच्या फटी वाढलेल्याच ठेवल्या आहेत, त्यास कोणताही पंप फार दिवस तारूं शकत नाहीं. पंपाची निवड ही बेअरिंगांच्या मापापासून सुरू होते, ती अशी.

पंपांचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्या प्रकारांत एका घरांत दोन दंतचक्रें शेजारीशेजारी फिरतात, आणि दांते व घराची भिंत यांच्यामधील जागेंत अडकलेलें तेल तीं एका बाजूकडून दुसरीकडे वाहून नेतात. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत ह्या जातीचा पंप असे. दुसऱ्या प्रकारांत एका चक्रांत दुसरें चक्र फिरतें. आंतल्या चक्रास बाहेरच्याहून एक दांता कमी असतो, व त्या दोहोंचे मध्यबिंदु थोडे सरकलेले असतात, त्यामुळें त्यांच्यामधील जागा क्रमानें मोठी व लहान होत जाते आणि तेल ओढलें व ढकललें जातें. ह्यास रोटरचा पंप म्हणतात. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेली व २०१४ च्या जानेवारींत जिचें उत्पादन थांबलें, त्या मारुती ८०० मोटारीच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरांच्या एंजिनांत असा पंप क्रँकच्या दांड्यावरच, पुढच्या बाजूस बसविलेला असतो. याखेरीज अगदीं अलीकडील कित्येक गाड्यांत जरुरीप्रमाणें आपला पुरवठा कमीअधिक करणारे पंप आले आहेत. त्यांच्या जागीं साधा पंप बसविण्याचा विचारही करूं नये.

पंप कोठें बसविला आहे, ह्यासही महत्त्व आहे. कॅमच्या दांड्यावरून फिरणारा पंप क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतो. क्रँकवरचा पंप पूर्ण गतीनें. म्हणून क्रँकवरचा पंप आकारानें लहान असूनही तितकेंच काम करूं शकतो. परंतु तो तेलाच्या पातळीच्या वर असल्यामुळें त्यास लांब नळीनें तेल ओढून घ्यावें लागतें, आणि एंजिन नवें बांधल्यावर पहिल्यानें तेल चढण्यास वेळ लागतो. जुन्या विलिस जीपच्या व तिच्या वंशांतील महिंद्रा जीपच्या पेट्रोल एंजिनांत निराळीच गंमत असे. तेथें पंप एंजिनाच्या डाव्या अंगास बाहेरून बसविलेला असून डिस्ट्रिब्यूटरही पंपाच्याच दांड्यावरून फिरे. पंप बसवितांना एक दांता इकडचा तिकडे झाला, कीं ठिणगीची वेळ चुके व एंजिन सुरूच होत नसे. ज्यांच्या घरीं अशी जुनी जीप जपून ठेवलेली आहे, त्यांनीं पंप काढण्यापूर्वीं त्याच्या खांचेची दिशा खुणेनें नोंदवून ठेवावी.

प्रत्येक पंपाबरोबर एक दाब सोडणारी झडप असते. तींत एक लहान दट्ट्या व त्यामागें स्प्रिंग असते. थंड सकाळीं तेल दाट असतांना, किंवा एंजिन फार वेगानें फिरत असतांना, दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं लागला कीं दट्ट्या मागें सरतो व जादा तेल परत चेंबरांत सोडतो. आतां एखाद्या गाडीचा दाब उभ्या एंजिनावर, म्हणजे गाडी जागेवर असतांना, कमी दिसतो म्हणून कित्येकजण ह्या स्प्रिंगेखालीं वॉशर घालतात किंवा कडक स्प्रिंग बसवितात. ह्यानें कांहींच साधत नाहीं. कमी दाबाच्या वेळीं ती झडप मुळीं उघडलेलीच नसते. मग स्प्रिंग कडक केल्यानें दाब वाढणार कोठून? स्प्रिंग ही दाबाचें छप्पर ठरविते, जमीन नव्हे. उलट दट्ट्या बंद स्थितींत अडकला तर फिल्टर फुटण्यापर्यंत पाळी येते, आणि उघड्या स्थितींत अडकला तर चांगला पंपही निकामी वाटतो. म्हणून पंपाविषयीं मत बनविण्यापूर्वीं ही झडप काढून, दट्ट्या धुऊन, तो बोटानें सहज सरकतो कीं नाहीं हें पाहावें.

आतां मुख्य प्रश्न : जुना पंप ठेवावा कीं नाहीं? ह्याचें उत्तर डोळ्यांनीं पाहून देऊं नये, मापानें द्यावें. पंपाचें झांकण काढून तीन फटी फीलर गेजनें मोजाव्या. पहिली, बाहेरचें चक्र आणि घर यांमधील. दुसरी, दोन चक्रांच्या दांत्यांच्या टोकांमधील. आणि तिसरी, चक्रांचा वरचा पृष्ठभाग व झांकण यांमधील. ही तिसरी फट मोजण्यास घराच्या कांठावर पोलादी सरळ पट्टी आडवी धरून तिच्याखालीं गेजचें पातें सरकवावें. तिन्हींत हिचें महत्त्व अधिक आहे, कारण ढकललेलें तेल दांत्यांच्या तोंडावरूनच मागें परतण्याचा हा सर्वांत रुंद मार्ग आहे, आणि घनाचा नियम येथेंही लागू आहेच. पुष्कळ लहान मोटारींत ह्या फटीची कमाल मर्यादा ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बाहेरच्या चक्राच्या व घराच्या फटीची ०.३० च्या आसपास. तथापि हे आंकडे केवळ अंदाज येण्यासाठीं दिले आहेत. खरी मर्यादा त्या त्या एंजिनाच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत असते, आणि तीच प्रमाण मानावी.

मोजमाप मर्यादेंत असेल, झांकणावर व घरावर नखास लागतील असे ओरखडे नसतील, तर जुना पंप धुऊन पुन्हां बसविण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. झांकणावर चक्रांचा थोडा ठसा उमटला असेल, तर जुने मिस्त्री जाड सपाट कांचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झांकण गोल गोल फिरवून घांसतात व तें पुन्हां सपाट करितात. ही युक्ति योग्य आहे. मात्र घांसल्यावर फट पुन्हां मोजली पाहिजे.

परंतु कांहीं प्रसंगीं मोजण्याची वाटही न पाहतां पंप बदलावा. एंजिन कशामुळें उघडावें लागलें, हा प्रश्न प्रथम विचारावा. बेअरिंग वितळून किंवा तुटून एंजिन पकडलें असेल, तर त्याचा धातूचा चुरा चेंबरांत उतरलेला असतो. आणि मागें सांगितल्याप्रमाणें तें तेल फिल्टरच्या आधीं पंपांतून गेलेलें असतें. जाळीच्या छिद्रांतून निसटलेला बारीक चुरा चक्रांच्या तोंडावर ओरखडे पाडतो, व कांहीं कण झडपेंत दडून बसतात. असा पंप नव्या बेअरिंगांच्या पुढें ठेवणें म्हणजे विहीर उपसून घेतल्यावर जुनाच गाळ तींत पुन्हां टाकणें होय. अशा वेळीं पंप नवा घ्यावा. एवढेंच नव्हे, तर क्रँकमधील भोंकें, तेलाचे मार्ग व तेल थंड करणारा कूलर असल्यास तोही आंतून स्वच्छ करावा किंवा बदलावा. संपूर्ण एंजिनाच्या खर्चाच्या मानानें पंपाची किंमत अल्प असते. परंतु तो पुढें बिघडला तर सर्व काम मुळापासून पुन्हां करावें लागतें. म्हणून शंका राहिली असतां नव्या पंपाच्या बाजूनें कौल द्यावा, हेंच शहाणपण.

मूळच्याहून मोठा, अधिक तेल ढकलणारा पंप घ्यावा काय? नित्याच्या गाडीस त्याची गरज नाहीं. फटी योग्य असतील तर मोठा पंप जें जादा तेल ढकलतो, तें झडपेवाटे परत चेंबरांतच जातें. तें ढकलण्यास लागणारी शक्ति मात्र एंजिनांतूनच खर्च होते, म्हणजे इंधन वाया जातें. तेल फिरूनफिरून तापतें. आणि पंप फिरविणाऱ्या दंतचक्रावर जादा ताण पडून तें लवकर झिजतें. ज्या एंजिनांत तेलाची मागणी खरोखरीच वाढलेली असते, उदाहरणार्थ शर्यतीसाठीं मुद्दाम मोकळ्या फटींनीं बांधलेलें एंजिन, किंवा ज्यास मागाहून टर्बो वा मोठा कूलर जोडला आहे असें एंजिन, त्यासच मोठ्या पंपाचें प्रयोजन असतें. कारखान्यानें जेथें टर्बो मूळचाच बसविला आहे, तेथें पंपही त्या हिशेबानेंच दिलेला असतो. दाट तेल घालून दाब वाढविणें हीही तशीच फसवी वाट आहे. कांटा वर जातो खरा, पण दाट तेल बारीक फटींत उशिरां शिरतें. आणि अलीकडील एंजिनें तर पातळ तेलासाठींच आंखलेलीं असतात.

नवा पंप घेण्यास दुकानीं जातांना जुना पंप व एंजिनाचा नंबर बरोबर न्यावा. एकाच नांवाच्या गाडींत वर्षागणिक एंजिनें बदललेलीं असतात, आणि दिसण्यांत सारखे असलेले दोन पंप चक्रांच्या जाडींत किंवा नळीच्या भोंकांत निराळे निघतात. दोन्ही पंप शेजारीं ठेवून बोल्टांचीं भोंकें, तेल येण्याजाण्याचीं द्वारें व चक्रांची जाडी ताडून पाहावी. पंपाचा दांडा हातानें फिरवून पाहावा. तो कोठेंही न अडतां सारखा फिरला पाहिजे. ओतकामांतील वाळूचे कण किंवा धातूचे बुरे आंत राहिलेले असूं शकतात, म्हणून नवा पंपही उघडून धुवावा, आणि त्याच्या त्याच तीन फटी मोजाव्या. "नवा आहे, मग मोजावयाचें कशास?" असें कोणी म्हणेल, परंतु नक्कल मालाचा सुळसुळाट असलेल्या ह्या दिवसांत डब्यावरील छाप ही खात्री नव्हे, माप ही खात्री आहे. पावती अवश्य घ्यावी. पावती देण्यास कां-कूं करणाऱ्या दुकानांतून असा भाग घेऊं नये. भंगारांतील पंप स्वस्त पडतो, पण त्यानें पूर्वीं किती धूळ व चुरा पाहिला आहे हें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. तोही मापाच्या कसोटीस उतरला तरच घ्यावा.

पंप उत्तम निवडला तरी बसवितांना हयगय झाली तर श्रम फुकट जातात. जाळीच्या नळीच्या सांध्यांत नवेंच रबरी कडें किंवा पॅकिंग घालावें. तेथून हवा शिरली तर पंप तेलाऐवजीं फेस ओढतो. दंतचक्रांच्या कित्येक पंपांत झांकणाखालील पॅकिंगच्या जाडीवर तिसरी फट अवलंबून असते, म्हणून हातानें कापलेलें जाड पॅकिंग तेथें घालूं नये. चेंबर लावतांना चिकट सिलिकॉनचा थापा मारण्याची संवय तर फारच घातक आहे. आंत निघालेलीं त्याचीं बोंडें तुटून जाळीवर बसतात व तेलाची वाट बंद करितात. खडकाळ रस्त्यावर आपटून चेंबर पोंचलेलें असेल, तर त्याचा तळ जाळीस टेकत नाहीं ना, हेंही पाहावें.

पंप कोरडा बसवूं नये. बसविण्यापूर्वीं त्यांत स्वच्छ तेल भरून चक्रें हातानें फिरवावीं, म्हणजे तो पहिल्या फेऱ्यापासून ओढूं लागतो. एंजिन बांधून झाल्यावर पेट्रोलच्या गाडीचे प्लग काढून, अथवा डिझेलच्या गाडीचा इंधनपुरवठा बंद ठेवून, स्टार्टरनें थोडा थोडा वेळ, मध्यें विसावा देत, फिरवावें. आणि तेलाचा दाब दिसूं लागल्यावरच एंजिन सुरू करावें. ह्या वेळीं खराखुरा दाबमापक तात्पुरता जोडणें अत्यंत इष्ट. गाडींतील लाल दिवा दाब जवळजवळ नाहींसा झाला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास ०.३ किलोग्रॅमच्या सुमारास उतरला, तरच पेटतो. तो विझला म्हणजे सर्व ठीक आहे असें नव्हे. एंजिन पुरतें तापल्यावर दर मिनिटास हजार फेऱ्यांमागें सुमारें ०.७ किलोग्रॅम दाब असावा, असा कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे. त्यावरून अंदाज घ्यावा व पुस्तकांतील आंकड्याशीं पडताळा पाहावा. पहिलें तेल व फिल्टर पांचशे ते हजार किलोमीटरांनंतर बदलावे, म्हणजे नव्या भागांचा झिजलेला चुरा बाहेर जातो.

आणखी एक सूचना, जी गाडी हांकणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. कसारा घाट चढतांना अथवा पुणे रस्त्यावर भरधांव जातांना तेलाचा लाल दिवा पेटला, तर "पुढच्या गॅरेजापर्यंत जाऊं" असा विचार मनांत आणूं नये. गाडी बाजूस घेऊन एंजिन तत्काळ बंद करावें. तेलावांचून बेअरिंगाचा थर तुटण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि जें एंजिन बंद केल्यानें थोडक्यांत सुटलें असतें, तें त्या पुढच्या कांहीं मैलांत कायमचें जातें. गाडी ओढून नेण्याचा खर्च हा त्या मानानें कांहींच नव्हे.

पालकांस ह्या विषयाचें सर्व ज्ञान असलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु एंजिन बांधावयास टाकतांना त्यांनीं मिस्त्रींस चार प्रश्न आदरपूर्वक अवश्य विचारावे. एंजिन कशामुळें गेलें? क्रँकच्या बेअरिंगांची फट किती ठेवली? पंपाच्या तिन्ही फटी किती भरल्या? आणि एंजिन सुरू झाल्यावर, गरम असतांना, दाबमापकावर दाब किती दिसला? चांगल्या कारागिरास हे प्रश्न रुचतात, कारण त्यानें तीं मापें घेतलेलींच असतात. आणि तीं एका कागदावर लिहून घेतलीं, तर पुढील दुरुस्तीच्या वेळीं तो कागद फार उपयोगी पडतो.

विद्यार्थ्यांस सांगणें तें इतकेंच. नाशिकच्या सातपूर व अंबड येथील कारखान्यांत, आणि इगतपुरीस जेथें महिंद्राचीं एंजिनें तयार होतात तेथें, मिलिमीटराच्या शतांशाचा हिशेब रोज चालतो. आणि तोच हिशेब द्वारकेच्या एखाद्या लहान गॅरेजांत, तेलकट हातांनीं, एक मिस्त्री फीलर गेजच्या पात्यानें करीत असतो. पुढच्या वेळीं त्या बाजूनें जाण्याचा योग आला आणि एखादें एंजिन मोकळें केलेलें दिसलें, तर परवानगी घेऊन त्यांतला तेलपंप हातांत घेऊन पाहावा, आंतलें चक्र फिरवावें, दांते मोजावे, व जागा कशी मोठी व लहान होते हें डोळ्यांनीं पाहावें. पुस्तकांतील घनाचा नियम आणि त्या चक्रांमधील केंसाहून बारीक फट यांचा संबंध एकदां मनांत बसला, म्हणजे मोठें तें चांगलें ह्या समजुतीस तेथें थारा राहणार नाहीं. जें मापाचें तेंच चांगलें, हें आपलें आपणांसच कळून येईल.